गॅल्व्हनाइझ: बेडकाचा पाय, जस्ती पत्रा आणि हाललेलं गाव

प्रश्न एका तरुण अनुवादिकेचा आहे. एका स्वयंसेवी संस्थेच्या वार्षिक अहवालाचं मराठी करताना तिला एक इंग्रजी वाक्य आडवं आलं: ‘द ड्राउट गॅल्व्हनाइझ्ड द विमेन ऑफ द व्हिलेज इन्टू अ‍ॅक्शन.’ तिने लिहिलं, ‘दुष्काळाने गावातील महिलांना कृतीसाठी प्रेरित केले.’ वरिष्ठांनी ‘मिळमिळीत’ एवढाच शेरा मारून कागद परत दिला. शब्दकोश उघडला, तर तिथे ‘जस्ताचा मुलामा देणे’. आता तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पत्र्याच्या या शब्दाचा माणसांशी संबंध काय? मराठीत तो आणायचा कसा? आणि स्वतः इंग्रजी लिहिताना ‘मोटिव्हेट’च्या जागी तो बिनधास्त वापरावा का?

शेरा बरोबर आहे, पण मनाला लावून घेऊ नका. तीस वर्षं मी इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत ओझी वाहतोय. हा शब्द पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी तुमच्यापेक्षा वाईट आपटलो होतो. एका कामगार पुढाऱ्याच्या भाषणाने कामगार गॅल्व्हनाइझ झाले, असं मूळ वाक्य होतं. शब्दाचा विजेशी संबंध आहे हे मला ठाऊक होतं आणि ते ठाऊक असल्याचा जरा माजही होता. मी लिहिलं, ‘त्या भाषणाने कामगारांच्या देहात विद्युत्संचार झाला.’ संपादकांनी समासात लाल शाईने विचारलं, ‘वायरमनला बोलावू का?’

तुम्ही शब्द पातळ केला, मी जाड केला. दोघांनीही एक गोष्ट पाहिली नाही, ती म्हणजे बेडकाचा पाय.

इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गाल्वानी नावाचा शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक होता. १७८० च्या दशकात तो मेलेल्या बेडकांचे पाय सोलून त्यांतल्या नसांवर प्रयोग करत होता. टेबलावर ठिणगी पाडणारं एक विजेचं यंत्रही होतं. एकदा साहाय्यकाने पात्याचं टोक नसेला लावलं आणि त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी पडली. मेलेल्या बेडकाच्या पायाने लाथ झाडली. पुढे गाल्वानीने हे पाय पितळी आकड्यांना अडकवून लोखंडी कठड्यावर टांगले. आभाळात वीज नाही, जवळ यंत्र नाही, तरी आकडा कठड्याला टेकला की पाय आखडायचा. १७९१ मध्ये त्याने हे सगळं लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलं. प्राण्यांच्या शरीरातच वीज असते, हा त्याचा निष्कर्ष होता.

पाव्हियाचा प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा याला तो पटला नाही. वीज बेडकात नाही, पितळ आणि लोखंड या दोन वेगवेगळ्या धातूंच्या भेटीत आहे, असं त्याचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला त्याने बेडूक बाजूला ठेवला. चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घातले आणि १८०० मध्ये जगापुढे पहिली बॅटरी ठेवली. नसांमधून विजेचे संदेश जातात हे पुढे सिद्ध झालं, म्हणजे गाल्वानीही अगदीच चुकला नव्हता. पण ते पाहायला तो उरला नाही. नेपोलियनच्या आशीर्वादाने उभ्या राहिलेल्या नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला, त्यात नोकरी गेली आणि १७९८ मध्ये तो वारला. व्होल्टाच्या नावाने आपण घरची वीज मोजतो. गाल्वानीच्या वाट्याला क्रियापद आलं.

या क्रियापदाला जो रंग चढला, त्यात त्याच्या भाच्याचाही हात आहे. जोव्हान्नी आल्दिनी मामाचा प्रयोग गावोगाव दाखवत फिरायचा. १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये त्याने नुकत्याच फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळली, पाय हलले. पाहणाऱ्यांतल्या काहींना वाटलं, माणूस उठून बसतोय की काय.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा आणि शब्द पुन्हा वाचा. आधी सगळं निपचित आहे. मग बाहेरून झटका येतो. आणि लगेच, विचाराला सवड न देता, हालचाल होते. या सगळ्यात मन कुठेच नाही. बेडकाला काही पटलेलं नसतं. प्रेताने ध्येय ठरवलेलं नसतं. तुमचं ‘प्रेरित केले’ नेमकं इथे घसरतं. प्रेरणा आत रुजते, वेळ घेते, दिसत नाही. एखाद्याला दहा वर्षं प्रेरणा असते आणि तो दहा वर्षं खुर्चीतून उठत नाही, असेही लोक आपल्या पाहण्यात असतात. गॅल्व्हनाइझ झालेला माणूस उठलेलाच असतो. म्हणून या शब्दापुढे आलं की मी स्वतःला एकच विचारतो: पाय हलला का? हलला नसेल तर हा शब्द तिथे चुकीचा आहे. हलला असेल तर मराठी वाक्यातही तो हललेला दिसायला हवा.

आता पत्र्याचं. ते सोडून पुढे जाता येणार नाही, कारण मराठी माणसाला हा शब्द आधी हार्डवेअरच्या दुकानात भेटतो. जीआय पाइप, जीआय तार, गोठ्यावरचा जस्ती पत्रा. जीआय म्हणजे गॅल्व्हनाइझ्ड आयर्न. पुष्कळांची समजूत अशी की पत्र्यावर जस्त विजेने चढवतात, म्हणून हे नाव. काही ठिकाणी विजेनेही चढवतात, पण छपराचा पत्रा आणि नळाचा पाइप यांची नेहमीची रीत वेगळी आहे. लोखंड आम्लात धुवायचं, त्याला नवसागर आणि जस्ताच्या क्षाराचं पाणी द्यायचं आणि साधारण ४५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवून काढायचं. ज्यांनी लहानपणी दारावर कल्हईवाला पाहिला असेल त्यांना यातला नवसागर ओळखीचा वाटेल. त्या धुराने डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी आम्ही तिथून हलायचो नाही. कल्हई कथलाची, हा मुलामा जस्ताचा, एवढाच धातूतला फरक.

मग गाल्वानीचं नाव इथे कशाला? तर त्याच्या आकड्यामुळे आणि कठड्यामुळे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल असली की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्या बॅटरीत जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त स्वतः गंजून त्याला सांभाळतं. स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, तेव्हा हेच तत्त्व डोक्यात ठेवून तिला गाल्वानीचं नाव दिलं. म्हणजे माणूस आणि पत्रा हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीत असं नाही, पण ते सख्खे भाऊ आहेत. गंमत ही की भावांचे स्वभाव उलटे. गॅल्व्हनाइझ झालेला माणूस ताडकन उठतो आणि बहुतेक वेळा लवकरच थंडावतो. गॅल्व्हनाइझ केलेला पत्रा पावसाळ्यामागून पावसाळे जागचा हलत नाही.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो. तुम्ही क्रियापदाला क्रियापद शोधत होता. तिथे सापडणार नाही, कारण अडचण वाक्याच्या बांधणीत आहे. इंग्रजी वाक्यात दुष्काळ कर्ता आहे आणि बायका कर्म. दुष्काळाने बायकांना काहीतरी केलं. इंग्रजीला निर्जीव गोष्टींकडून कामं करून घ्यायची सवय आहे. तिथे बातमी लोकांना हलवते, घटना पक्षांना एकत्र आणते, आकडे सरकारला जागं करतात. मराठीत असं वाक्य व्याकरणाने चुकत नाही, पण सरकारी परिपत्रकासारखं लागतं. आपल्याकडे आधी काहीतरी घडतं आणि मग माणसं काहीतरी करतात. दोन वाक्यं, मध्ये एक ‘आणि’ किंवा ‘तशी’. झटका त्या ‘आणि’मध्ये असतो.

हे मला शब्दकोशाने नाही, एका बाईने शिकवलं. मराठवाड्यातल्या एका गावात पाण्याच्या कामावर बैठक होती. मी तिथे उलटं काम करत होतो, मराठीतून इंग्रजी. पाहुण्यांनी विचारलं, इतकी वर्षं गाव गप्प होतं, मग हे सगळं सुरू कसं झालं? पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या, “शाळंपुढची बोअर आटली, अन् गाव हाललं.” बास. मी वहीत क्षणाचाही विचार न करता इंग्रजी लिहिलं: ‘द व्हिलेज वॉज गॅल्व्हनाइझ्ड.’ लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. ज्या शब्दाला मराठी नाही म्हणून मी इतकी वर्षं कुरकुरत होतो, त्याचं मराठी त्या बाईंनी दोन शब्दांत माझ्या पुढ्यात टाकलं होतं. तेही अकर्मक. त्यांनी गावाला कोणाकडून हलवून घेतलं नाही, गावच हाललं.

इतिहासातली उदाहरणं घेतली की हे आणखी स्पष्ट होईल. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. इंग्रजीत लिहिणारा लिहील, शिक्षेने गिरणी कामगारांना गॅल्व्हनाइझ केलं. मराठीत ‘शिक्षेने कामगारांना प्रेरणा मिळाली’ असं म्हणून पाहा. ऐकवत नाही, वाटतं, कामगारांनाही शिक्षा हवी होती. ‘शिक्षेची बातमी आली आणि गिरण्या बंद पडल्या, सहा वर्षांच्या शिक्षेला कामगारांनी सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिलं.’ यात गॅल्व्हनाइझसाठी कुठलाच शब्द वापरलेला नाही. तो बंद पडलेल्या भोंग्यांत आहे.

किंवा १९७२ चा काळ. दुष्काळ आणि महागाई. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाईविरुद्ध बायकांचं आंदोलन उभं राहिलं. महागाईने बायकांना ‘कृतिप्रवण केले’ हे पाठ्यपुस्तकात खपेल. पण ‘महागाई भडकली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या’ असं म्हटलं की वाचणाऱ्याला थाळ्यांचा आवाज ऐकू येतो. लाटणं मोर्चा हे नावच मुळी त्या हललेल्या पायाचं, खरं तर हाताचं, नाव आहे.

या शब्दाला आणखी एक छटा आहे, विखुरलेल्यांना एकत्र खेचण्याची. इंग्रजीत ‘गॅल्व्हनाइझ्ड द अपोझिशन’ हे जोडपं सतत दिसतं. तिथे ‘हाललं’ पुरत नाही, ‘एकवटणे’ लागतं. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छताखाली एकवटले. इथे ‘एकवटले’ हाच गॅल्व्हनाइझचा अनुवाद.

बाकी मराठीचं कोठार भरलेलं आहे, फक्त कोणती बरणी उघडायची ते आधीच्या स्थितीवरून ठरवायचं. आधी झोप होती, बेसावधपणा होता, तर ‘खडबडून जागे झाले’. आधी अन्याय गिळून बसले होते, तर ‘पेटून उठले’. हरत आलेल्या संघाला एक विकेट मिळाली आणि खेळ फिरला, तर ‘चेव आला’. मैदानावरची पोरं तर सरळ म्हणतात, “आज हा पेटलाय.” आधी मरगळ होती, तर ‘मरगळ झटकली’. हा शब्दप्रयोग फार वापरून गुळगुळीत झाला असला तरी मला तो आवडतो, कारण त्यात झटका आहे. ‘हुरूप आला’ मात्र मऊ आहे; कौतुकाने हुरूप येतो, धक्क्याने नाही. ‘भारावून गेले’ तर उलट्याच दिशेचं. भारावलेला माणूस जागेवरच थांबतो, टाळ्या वाजवतो, घरी जाऊन जेवतो. इंग्रजीत त्याला ‘इलेक्ट्रिफाय’ आहे. त्यातही वीजच आहे, पण इलेक्ट्रिफाय झालेली सभा रोमांचित होते आणि गॅल्व्हनाइझ झालेली सभा उठून कचेरीवर जाते. हा फरक इंग्रजी पत्रकारही पुष्कळदा विसरतात.

‘अंगात आलं’ हा शब्दप्रयोग अर्थाने सगळ्यात जवळचा आहे. बाहेरची शक्ती, आपलं शरीर, आपल्या हातात नसलेली हालचाल. आल्दिनीचं प्रेत त्याहून वेगळं काय करत होतं? पण अहवालात तो वापरता येणार नाही. बायकांच्या अंगात आलं असं लिहिलंत तर पुढचा शेरा ‘मिळमिळीत’पेक्षा कडक असेल.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते मला फार दिवस कोणाला तरी सांगायचं होतं. आपण इंग्रजी शब्द चित्रदर्शी आणि संस्कृतातून आलेले आपले शब्द कोरडे, असं धरून चालतो. ‘स्फूर्ती’ घ्या. संस्कृतात स्फुर् म्हणजे थरथरणं, फडफडणं, स्नायू उडणं. डोळा स्फुरतो, बाहू स्फुरतात. म्हणजे स्फूर्ती हीसुद्धा मुळात स्नायूची उडीच. गाल्वानीच्या टेबलावरचं दृश्य आपल्या भाषेत आधीपासून होतं, बेडूक न मारता. पण स्फूर्तिगीत, स्फूर्तिस्थान, स्फूर्तिदायक असं करत करत आपण त्या शब्दाला हार घालून भिंतीवर टांगला आणि त्याची थरथर थांबली. वीररसातलं ‘स्फुरण चढलं’ अजून थोडं जिवंत आहे.

‘उत्तेजन’ची कथा आणखी करुण. त्याच्या मुळाशी तिज् आहे, धार लावणं. तीक्ष्ण आणि तेज त्याच घराण्यातले. इंग्रजीतल्या ‘एग ऑन’मध्येही अंडं वगैरे काही नाही, तो ‘एज’चा, म्हणजे धारेचा, चुलतभाऊ आहे, जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. दोन टोकांच्या भाषांना माणसाला कामाला लावताना सुरी परजण्याचीच आठवण व्हावी, हे मला विलक्षण वाटतं. पुढे इंग्रजी शब्द बिघडला आणि ‘भरीस घालणे’ या अर्थाला आला. आपला उत्तेजनार्थ बक्षिसात गेला, चौथ्या नंबरवाल्याच्या हातात. ‘उत्तेजक’ तर खेळाडूंच्या लघवीच्या तपासणीत आणि त्याहून नको त्या ठिकाणी भेटतो. काही शब्दकोशांत गॅल्व्हनाइझसमोर ‘उत्तेजित करणे’ही छापलेलं असतं. माणसांसाठी ते आज वापरू नका, एवढंच सांगतो.

आणि ‘स्टिम्युलस’? अर्थसंकल्पाच्या बातम्यांमधला तो भारदस्त शब्द लॅटिनमध्ये बैल हाकायची पराणी आहे. आर लावलेली काठी. सरकारने उद्योगांना स्टिम्युलस पॅकेज दिलं, हे वाचताना मला दर वेळी नांगराला जुंपलेले उद्योगपती दिसतात. इंग्रजीचं ‘गोड’ हे क्रियापदही पराणीचंच. उच्चार गोड, अर्थ टोचणारा. ‘स्पर’ म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेची आर. ही सगळी जनावरं हाकायची हत्यारं. गॅल्व्हनाइझ त्यांच्यात वेगळा उठून दिसतो, कारण पराणी चालत्या बैलालाही लावतात, झटका मात्र मेलेल्याला.

त्यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येता येतं. ‘मोटिव्हेट’ऐवजी हा शब्द सर्रास वापरावा का? नको. ‘मोटिव्हेट’ घरगुती आहे, कुठेही चालतो. आई मुलाला मोटिव्हेट करते, बॉस टीमला करतो, आपण पहाटे उठून स्वतःला करतो. गॅल्व्हनाइझ स्वतःला करता येत नाही. झटका बाहेरचाच हवा. रोज करता येत नाही. हळूहळूही होत नाही: ‘माझ्या शिक्षकांनी मला पाच वर्षं गॅल्व्हनाइझ केलं’ या वाक्यात बिचारा विद्यार्थी पाच वर्षं तारेला चिकटून बसलेला दिसतो. एका व्यक्तीपेक्षा तो समूहाला जास्त शोभतो: मतदार, गाव, संघ, जनमत. आणि त्याचा कर्ता बहुतेक वेळा घटना असते. अपघात, निकाल, घोषणा, कोणाचा तरी मृत्यू. माणूस कर्ता असेल तर त्याचं भाषण किंवा कृती पुढे येते. वाक्यात कर्मामागून ‘इन्टू’ येतं आणि त्यापुढे काय केलं ते, किंवा ‘टू’ आणि क्रियापद. उच्चारात जोर पहिल्या ‘गॅल्’वर. ब्रिटिश वर्तनीत शेवटी एस दिसतो, अमेरिकन वर्तनीत झेड. एका अहवालात दोन्ही नकोत.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगा, विशेषतः नोकरीच्या अर्जांत. माझ्या ओळखीचा एक मुलगा अर्ज तपासून घ्यायला आला होता. त्यात त्याने लिहिलं होतं की मी वीस जणांच्या टीमला गॅल्व्हनाइझ केलं. मी विचारलं, “तू जायच्या आधी ती टीम मेली होती का?” तो म्हणाला, “नाही काका, चांगलीच चालली होती.” मग हा शब्द त्या वीस जणांचा अपमान आहे. ज्याला गॅल्व्हनाइझ केलं तो आधी निपचित होता, असं हा शब्द गुपचूप सांगून जातो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत तर त्याची चेष्टेची बाजू अधिक दिसायची. जीव नसताना आणलेलं उसनं अवसान, तारा काढल्या की पुन्हा गार. आज ती बाजू झाकली गेली आहे, पण कान तयार असलेल्या वाचकाला ऐकू येते. त्या मुलाने अर्जात ‘लेड’, म्हणजे नेतृत्व केलं, एवढंच लिहिलं. साधं आणि खरं.

हीच सावधगिरी तुमच्या वाक्यालाही लागू आहे, म्हणून शेवटी तिकडे वळतो. दुष्काळापूर्वी त्या गावातल्या बायका निपचित होत्या, असं इंग्रजी वाक्य सुचवतं. ज्या गावात बायका दोन-दोन किलोमीटरवरून पाणी आणतात तिथे त्यांना निपचित म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही. त्यामुळे ‘जाग्या झाल्या’ टाळा. त्या घरात सगळ्यांच्या आधी उठतात. ‘दुष्काळ पडला आणि गावातल्या बायकांनी पदर खोचला’ हे मला जास्त बरोबर वाटतं. पदर खोचणाऱ्या बाईला काम नवीन नसतं, ती फक्त आता कोणाची वाट पाहत नसते. ‘कंबर कसली’ही चालेल, पण ते कोणीही कसतं. पदर फक्त बायकाच खोचतात आणि मूळ वाक्यात बायका आहेत.

तरीही मी तुमच्या जागी असतो तर इथे थांबलो नसतो. ‘इन्टू अ‍ॅक्शन’ हे शब्द पोकळ आहेत. कसली अ‍ॅक्शन? संस्थेच्या माणसाला फोन करा आणि विचारा, बायकांनी नेमकं काय केलं. विहिरीतला गाळ काढला असेल तर ‘पाऊस गेला तशा बायका विहिरीत उतरल्या’. तहसील कचेरीवर हंडा मोर्चा नेला असेल तर ‘टँकर बंद झाला आणि बायका रिकामे हंडे घेऊन तहसीलवर गेल्या’. बचत गटातून पाण्याची टाकी उभी केली असेल तर टाकीचं लिहा, किती लिटरची तेही लिहा. वरिष्ठांचा ‘मिळमिळीत’ शेरा मग आपोआप पुसला जाईल.

आणि फोनवर पलीकडचा माणूस अडखळला, नेमकं काय केलं ते त्याला सांगता आलं नाही, तर अनुवाद जिथे आहे तिथेच सोडा आणि इंग्रजी वाक्याभोवती पेन्सिलने गोल करून कागद वरिष्ठांकडे पाठवा.